मुलांच्या हाती माती

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस महाराष्ट्रातील वाड्यांच्या आणि चाळींच्या अंगणांत एक निराळीच धांदल उडते. दगड, विटा आणि गोणपाट यांच्या ढिगावर चिखल थापून मुले किल्ला रचतात. त्यावर हळीव नाही तर मोहरी पेरून रान उगवतात. बुरूज कोठे असावा आणि तळे कोठे खणावे यावरून त्यांच्यात कडाक्याचे वाद होतात. आणि अखेरीस बाजारातून आणलेले मावळे पायऱ्यापायऱ्यांवर उभे राहून महाराज सिंहासनावर स्थानापन्न झाले म्हणजे किल्ला पुरा होतो. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, भाद्रपदात मातीचा गणपती, संक्रांतीला सुगडे आणि वर्षभर भातुकलीची बोळकी, असा मातीचा आणि मुलांचा संबंध मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यासाठी कोणी शाळा काढली नव्हती, की शुल्क आकारले नव्हते.

आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चित्र पालटले आहे. अंगणे गेली, अंगणांबरोबर चिखलही गेला, आणि रविवारी सकाळी आईबाप मुलांचे बोट धरून ‘पॉटरी स्टुडिओ’च्या दाराशी उभे राहू लागले. आत विजेवर फिरणारी चाके असतात, भिजवलेल्या मातीचे गोळे मांडलेले असतात, लहान लहान अंगरखे खुंट्यांवर टांगलेले असतात. तासा-दोन तासांत मूल एखादी वाटी किंवा पणती घडवते, आणि आठ-पंधरा दिवसांनी ती भाजून, झिलई चढवून घरी येते. यात नवी एक हौस, यापलीकडे काही आहे असे पुष्कळांना वाटत नाही. परंतु मुलाने हातांनी काही घडवावे यासाठी मुद्दाम एक जागा राखून ठेवावी, ही कल्पना आपोआप उगवलेली नाही. तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात दोन महायुद्धांची झळ आहे. आणि मुलाच्या हातातील माती खरोखर कोणाची, त्याची की त्याला शिकविणाऱ्याची, हा एकच प्रश्न त्यात आरंभापासून आजवर पुनःपुन्हा विचारला गेला आहे.

मुलांच्या शिक्षणात मातीला मानाचे स्थान देणाऱ्या पहिल्या शिक्षकांत जर्मनीतील फ्रीड्रिक फ्रोबेल यांची गणना होते. 1837 साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तीच पुढे ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान या नावाने जगभर पसरली. लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम यांच्याबरोबर मातीकामही त्यांच्या योजनेत होते. मात्र फ्रोबेल यांच्या पश्चात अनुयायांच्या हाती ही पद्धत पुष्कळच साचेबंद झाली. गोल, घन आणि नळकांडे हा क्रम चुकता कामा नये, अशी शिस्त आली.

मोठ्या मुलांच्या शाळांत तर चित्रकला म्हणजे नक्कल असाच अर्थ होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडला कारखान्यांसाठी कुशल हात हवे होते, आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून जो अभ्यासक्रम सर्वत्र जाई त्याचा रोख सरळ रेघ, अचूक वळण आणि समतोल नक्षी यांवर असे. मुंबईत 1857 साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेवर याच विचाराची छाया होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन चित्रकला-परीक्षा मराठी घरांना चांगल्याच परिचयाच्या आहेत. नमुन्याशी हात किती जुळतो हे पाहणारी त्यांतील जुनी दृष्टी त्याच परंपरेतून आली. या सगळ्या व्यवस्थेत मूल म्हणजे अपुरे राहिलेले मोठे माणूस. त्याचे चित्र चुकलेले असणारच, आणि शिक्षकाचे काम ते सुधारणे हेच.

हा समज ज्या माणसाने पहिल्यांदा ठामपणे नाकारला त्यांचे नाव फ्रान्झ सिझेक. बोहेमियातील लाइटमेरित्झ या एल्ब नदीकाठच्या गावी 1865 साली त्यांचा जन्म झाला. या गावाचे आजचे चेक नाव लिटोमेर्जित्से. ते ध्यानात ठेवावे, कारण या कहाणीत त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे. 1885 साली चित्रकला शिकण्यासाठी सिझेक व्हिएन्नाला आले आणि एका सुताराच्या घरी भाड्याने राहू लागले. त्या घरातील मुले त्यांच्या खोलीत येत, रंग आणि कुंचले मागत आणि मनास येईल ते काढीत बसत. समोरच एक लांब लाकडी कुंपण होते, त्यावरही गल्लीतील मुलांची चित्रे रंगत. कुंपणावर जागा मिळविण्यासाठी मुलांची भांडणे लागत आणि मोठी मुले धाकट्यांना हुसकून लावीत, अशी आठवण सिझेक पुढे सांगत असत. ज्या गोष्टीसाठी शाळेत मुलांना छडीचा धाक दाखवावा लागे, तिच्यासाठी हीच मुले रस्त्यावर झगडत होती. हा विरोध सिझेक यांच्या मनातून जाईना.

व्हिएन्नातील तरुण कलावंत त्या सुमारास जुन्या अकादमीविरुद्ध बंड उभारीत होते. त्या मंडळींचे प्रोत्साहन मिळून 1897 साली सिझेक यांनी मुलांसाठी एक स्वतंत्र कलावर्ग सुरू केला. पुढे काही वर्षांनी तो तेथील सरकारी कला-उद्योग शाळेला जोडला गेला आणि तेथे तो 1938 पर्यंत चालला. साधारण चौदा वर्षांपर्यंतची, श्रीमंत-गरीब अशा सर्व थरांतील मुले तेथे येत. रंग, कात्रणे, भरतकाम, ठसे, कोरीव काम आणि मातीकाम यांतील जे आवडेल ते त्यांनी करावे. समोर पुतळा ठेवून त्याची नक्कल करण्याचे बंधन नाही. शिक्षकाने मुलाच्या कामावर आपला हात चालवायचा नाही. मुलाची कला ही मोठ्यांच्या कलेची पहिली पायरी नव्हे. तिचे नियम तिचेच आहेत आणि एकदा बालपण सरले की ती परत येत नाही, असे सिझेक मानीत.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नान्नदशा झाली. मुलांची हाडे दुधावाचून मऊ पडू लागली. मदतीसाठी गेलेल्या इंग्रज कार्यकर्त्यांपैकी फ्रान्सेस्का विल्सन या बाईंनी सिझेक यांचा वर्ग पाहिला आणि त्या थक्क झाल्या. ज्या शहरात कोळसा आणि पाव मिळत नव्हता, तेथील मुलांनी रंगविलेल्या चित्रांत जत्रा होत्या, फुले होती, नाताळचे सोहळे होते. 1920 साली या चित्रांचे प्रदर्शन लंडनला भरले, नंतर ते ब्रिटनमधील गावोगावी फिरले, आणि त्याचे उत्पन्न त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या निधीला मिळाले. कालपर्यंत शत्रू म्हणविलेल्या देशातील मुलांची चित्रे इंग्रज घरांच्या भिंतींवर लागली. मुलांच्या कलेविषयी शिक्षकांचे मत पालटण्यास या प्रदर्शनाइतका हातभार फार थोड्या ग्रंथांनी लावला असेल.

तथापि या यशाबरोबरच एक शंकाही उत्पन्न झाली. टॉमस मन्‍रो या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा वर्ग बारकाईने पाहून मुद्याचा प्रश्न विचारला. ही मुले जर खरोखर स्वतंत्र आहेत, तर त्यांच्या कामांत इतके साम्य कसे? ठळक बाह्यरेषा, सपाट रंग आणि नक्षीदार किनार ही सारी व्हिएन्नातील त्या काळच्या सजावटकलेचीच लक्षणे होती. शिक्षक हात लावीत नसेल, पण तो कशाचे कौतुक करतो आणि कोणते चित्र भिंतीवर लावतो, एवढ्यावरून मुले त्याची आवड ओळखतात आणि नकळत तिला अनुसरतात. मुलाला मोकळे सोडले असे म्हणणे सोपे, सोडणे मात्र अत्यंत अवघड, हे या टीकेने दाखवून दिले. आजच्या स्टुडिओतही ही टीका जशीच्या तशी लागू पडते. फळीवर ओळीने मांडलेल्या वीस वाट्या जर एकाच घाटाच्या दिसल्या, तर त्या वीस मुलांनी केल्या असे म्हणावे की एका शिक्षकाने?

याच व्हिएन्नातील कला-उद्योग शाळेचे विद्यार्थी व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली, आणि ती मातीतूनच. ते अंधांच्या शाळेत शिक्षक होते. ज्याला दिसत नाही त्याला शिल्प काय कळणार, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. लोवेनफेल्ड यांनी अंध आणि अधूदृष्टीच्या मुलांपुढे मातीचे गोळे ठेवले. मुलांनी जी मुखे घडविली त्यांत नाक-डोळे मोजमापाप्रमाणे नव्हते. पण ओरडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यात जबडा प्रचंड मोठा होता, कारण ओरडताना ताण तेथेच जाणवतो. ही मुले चेहरा बाहेरून पाहून नव्हे, तर आतून अनुभवून घडवीत होती. यावरून लोवेनफेल्ड यांनी असा सिद्धांत मांडला की, काही माणसे जग मुख्यतः डोळ्यांनी घेतात आणि काही स्पर्शाने व देहाच्या जाणिवेने घेतात. डोळस मुलांतही हे दोन्ही प्रकार आढळतात. तेव्हा एखाद्या मुलाचा मातीचा हत्ती हत्तीसारखा ‘दिसत’ नसेल, तर त्याला हत्तीचे वजन सांगायचे असेल, रूप नव्हे.

1938 साली हिटलरच्या फौजा व्हिएन्नात आल्या. लोवेनफेल्ड ज्यू होते. त्यांना देश सोडावा लागला. 1939 पासून अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या हॅम्प्टन येथील संस्थेत त्यांनी कला शिकविली, आणि 1947 साली मुलांच्या सर्जनशील व मानसिक वाढीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगातील कलाशिक्षकांच्या कित्येक पिढ्या त्या ग्रंथावर पोसल्या गेल्या.

व्हिएन्नातील दुसऱ्या एका विद्यार्थिनीला मात्र निसटता आले नाही. फ्रिडल डिकर यांचा जन्म 1898 सालचा. त्या सिझेक यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे जर्मनीतील ‘बाउहाउस’ या विख्यात कलासंस्थेत गेल्या. विवाहानंतर त्या फ्रिडल डिकर-ब्रांडाइस या नावाने ओळखल्या जात. डिसेंबर 1942 मध्ये त्यांना पतीसह टेरेझीन येथील ज्यूंच्या बंदिवस्तीत धाडण्यात आले. हे टेरेझीन म्हणजे एल्ब नदीच्या खोऱ्यातील एक जुना तटबंदीचा किल्ला. सिझेक यांच्या जन्मगावापासून तो अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. बंदिवासात सोबत नेण्याच्या मोजक्या सामानात फ्रिडल यांनी चित्रकलेचे साहित्य घेतले होते. मुलांच्या बराकींत त्यांनी लपतछपत वर्ग चालविले. कागद मिळेना, तेव्हा कचेरीच्या रद्दी कागदांची पाठकोरी बाजू कामी आली. रंग संपले, तेव्हा कात्रणे चिकटवून चित्रे झाली. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव घालावे असा त्यांचा आग्रह असे. ज्या जागी माणसाचे नाव पुसून त्याचा क्रमांक करण्यात येत होता, त्या जागी हा आग्रह होता.

ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रिडल यांना आउश्विट्झला नेऊन ठार करण्यात आले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक मुलांचाही तोच अंत झाला. परंतु मुलांची सुमारे 4,500 चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर ती प्राग येथे पोचली आणि आज ती तेथील ज्यू संग्रहालयात जपलेली आहेत. पुष्कळ मुलांची या जगातील दुसरी कोणतीही खूण उरलेली नाही, पण चित्राच्या कोपऱ्यातील नाव उरले आहे. स्टुडिओतील शिक्षक मुलाला वाटीच्या तळाशी काडीने आपले नाव कोरायला सांगतो, त्या साध्या गोष्टीचे मोल किती असू शकते हे येथे दिसते.

अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डॅमिको 1937 पासून शिक्षणविभागाचे प्रमुख होते. 1942 साली, ऐन युद्धात, त्यांनी मुलांसाठी एक कलाजत्रा भरविली. ती पुढे वर्षानुवर्षे चालली. जत्रेचे प्रवेशद्वार मोठे गमतीचे होते. सुमारे चार वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल यांच्या आकृत्यांच्या बाह्यरेषा वळवून ते केलेले होते. त्यातून मूल सहज आत जाई. मोठ्या माणसाने मात्र बाहेरच थांबून आत डोकवावे, असा नियम होता. आतील पहिल्या दालनात अंधूक उजेड असे आणि रंग, प्रकाश, पोत व हालचाल यांचा अनुभव देणारी खेळणी मांडलेली असत. मन असे जागे झाल्यावर मूल दुसऱ्या, लख्ख उजेडाच्या दालनात जाई आणि तेथे रंग, कागद, कापड, पिसे घेऊन स्वतःचे काही करी. आईबापांना बाहेर ठेवण्यात डॅमिको यांचा हेतू त्यांचा अपमान करण्याचा नव्हता. मुलाच्या खांद्यावरून वाकून पाहणारी मायाळू नजरदेखील त्याचा हात थांबविते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच संग्रहालयात आईबापांनी आणि लहान मुलांनी एकत्र बसून काम करण्याचेही वर्ग चालत; पण तेथे आईने मुलाचे काम नव्हे, तर तिचे स्वतःचे काम करायचे असे. कुटुंबाने मिळून कलेच्या जागी जाण्याची जी रीत आज रूढ झाली आहे तिची ही दोन रूपे: एकात पालक बाहेर, दुसऱ्यात पालक स्वतः विद्यार्थी. मुलाच्या कामाचा मुकादम हे तिसरे रूप त्यांत नव्हते.

ही जत्रा 1957 साली मिलान आणि बार्सिलोना येथे व 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गेली. नंतर तिची एक प्रत भारताला भेट मिळाली. जॅकलीन केनेडी यांनी ती इंदिरा गांधींच्या स्वाधीन केली आणि 1963 साली दिल्लीतील मुलांसाठी ती उघडली. दिल्लीत त्याआधीच, 1956 साली, पंडित नेहरूंच्या प्रेरणेने बालभवनाची स्थापना झाली होती. तेव्हा ही भेट अगदीच परक्या भूमीत आली असे नव्हे.

मातीपुरते बोलायचे तर या कहाणीतील एक महत्त्वाचा मुक्काम इटलीतील फाएन्झा हा आहे. झिलई चढविलेल्या एका प्रकारच्या भांड्यांना युरोपात या गावाच्या नावावरून ‘फायान्स’ म्हणतात, इतकी त्याची ख्याती. तेथे 1908 साली गाएतानो बाल्लार्दिनी यांनी मृत्पात्रांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभारले. 1944 सालच्या बाँबवर्षावात त्याची धूळधाण झाली. म्हाताऱ्या बाल्लार्दिनींनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचून आणि जगभर पत्रे धाडून ते पुन्हा उभे केले. पिकासोनेही आपली भांडी देणगीदाखल दिली. याच संग्रहालयात 1979 साली ब्रूनो मुनारी यांच्या मार्गदर्शनाने मुलांसाठी मातीची कार्यशाळा सुरू झाली. मिलानचे कलावंत मुनारी यांनी दोनच वर्षांपूर्वी, 1977 साली, आपल्या शहरातील ब्रेरा चित्रसंग्रहालयात असा पहिला प्रयोग केला होता. सिझेक यांच्यापासून चालत आलेल्या वादावर त्यांनी काढलेला तोडगा विलक्षण साधा आहे. मुलाला काय करावे हे सांगू नये. कसे करतात ते करून दाखवावे. मातीची वळी एकमेकींवर कशी रचतात, दोन तुकडे जोडण्यापूर्वी कडा खरवडून पातळ चिखल कसा लावतात, काडीने, कापडाने, पानाने ठसा कसा उठतो, हे शिक्षकाने हातांनी दाखवावे, फार बोलू नये, आणि बाजूला व्हावे. कौशल्य द्यायचे, विषय मात्र मुलाकडे सोडायचा. मुलाला अडाणी ठेवणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, आणि त्याच्याकडून नमुना गिरवून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे, असा हा मध्यममार्ग होय.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास या विचाराला अपरिचित नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. परदेशी साधने महाग आणि परकी. तेव्हा त्यांनी माती, बिया, पाने, शिंपले ही भोवतालची साधने हाती घेतली. कोसबाडच्या मुलाला माती नवी नव्हतीच. ती शिक्षणाचे साधन होऊ शकते एवढेच शाळेला नवे होते.

मुंबईत मातीचा आणि कलाशाळेचा संबंध त्याहूनही जुना. जॉर्ज टेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशी निगडित कुंभारकामाची कार्यशाळा चालविली. सिंधच्या झिलईकामाची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती यांचा मेळ तिच्या पात्रांवर दिसतो, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पात्रे पाहावयास मिळतात. स्वतंत्र भारतात दिल्लीचे सरदार गुरुचरण सिंग यांनी आणि 1971 पासून पुदुच्चेरीच्या ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’तील रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी तयार केलेल्या शिष्यांतून कलावंत-कुंभारांची एक नवी पिढी निघाली. आज शहरांतून जे मातीचे स्टुडिओ दिसतात, त्यांच्यामागे अशा गुरूंची परंपरा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 साली आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालयही उघडले.

परंतु ही कहाणी येथेच संपविली तर ती अर्धी राहील. त्याच मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती वसाहत. तेथील मुलांना कोणी रविवारी स्टुडिओत नेत नाही. माती मळणे, पणत्या उन्हात मांडणे, आवा लावण्यास मदत करणे हे त्यांनी घरातच पाहिलेले असते. एका मुलाला जी सुटी, ती दुसऱ्याच्या घरची मजुरी आहे. प्लॅस्टिक आणि स्टील यांनी कुंभाराचे गिऱ्हाईक नेले, त्याच काळात त्याच्या विद्येला शहरात शुल्क देऊन विद्यार्थी मिळू लागले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. ज्या स्टुडिओने परंपरागत कुंभाराला शिक्षक म्हणून मानाने चाकाशी बसविले, त्याने मुलांना हस्तकौशल्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकविली: पिण्याच्या पाण्याचा माठ हा कोणाच्या तरी हाताचा असतो. सिझेक, लोवेनफेल्ड आणि मुनारी यांच्या शिकवणुकीला आपल्याकडे जोडावे असे काही असेल तर ते हेच.

मातीचा स्वतःचाही एक धडा आहे, आणि तो कोणत्याही शिक्षकाहून कडक आहे. ओले भांडे लगेच भाजता येत नाही. आत दमटपणा राहिला तर भट्टी पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जाताच वाफ कोंडते आणि भांडे फुटते. म्हणून ते सावलीत सावकाश वाळवावे लागते. पुढे साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसच्या दरम्यान मातीच्या कणांशी रासायनिकरीत्या बांधलेले पाणीही निघून जाते, आणि तेथून माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. सुमारे 1000 अंशांची पहिली भाजणी, नंतर झिलई, नंतर दुसरी भाजणी. झिलई शिसेविरहित असली पाहिजे, कारण शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. चांगले स्टुडिओ याची दक्षता घेतात आणि जाणत्या आईबापांनी हा प्रश्न विचारण्यास संकोचू नये. या साऱ्याला दिवस लागतात. सगळे काही ताबडतोब मिळण्याच्या या काळात मुलाला पंधरा दिवस वाट पाहावी लागते, आणि कधी कधी इतके थांबूनही भांडे तडकलेलेच हाती येते. तो तडा लपवून शिक्षकाने दुसरी नीटस वाटी मुलाच्या हाती ठेवली, तर त्या दिवशीचे शिक्षण वाया गेले असे समजावे.

व्हिएन्नाच्या कुंपणापासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत पाहिले तर मुलाला फार थोडे लागते: थोडी माती, थोडी जागा, कसे करायचे ते दाखविणारा एक जाणता हात, आणि तो हात वेळीच मागे घेण्याचे शहाणपण. यांतील पहिल्या तीन गोष्टी पैसे देऊन मिळू शकतात. चौथी आईबापांना स्वतःच शिकावी लागते. रविवारी स्टुडिओतून घरी आलेली वाटी किंचित कलती असेल, तिचा काठ एका बाजूला जाड असेल, तळाशी उलटसुलट अक्षरांत नाव कोरलेले असेल. ती कपाटात शोभेला ठेवण्याऐवजी जेवणाच्या पानाशी मीठ-चटणीसाठी ठेवावी. आपण केलेली वस्तू घराच्या उपयोगी पडते, हे मुलाला रोज पाहावयास मिळावे. कुंभाराच्या घरातील मुलाला हे पहिल्यापासून ठाऊक असते.